वेगवान बॅट आणि दुखरे कोपर

फेब्रुवारी १९५२ मध्ये मुंबईत टेबल टेनिसची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. आशियात ही स्पर्धा प्रथमच होत होती. तोवर बहुतेक नामवंत खेळाडू लाकडी फळीवर दाणेदार रबर चिकटवलेली बॅट वापरत. जपानच्या हिरोजी सातो याच्या बॅटवर मात्र जाड स्पंज होता. चेंडू बॅटला लागल्याचा ओळखीचा ‘टक्’ आवाजच येईना. आवाजावरून फटक्याचा जोर ओळखणारे युरोपातले कसलेले खेळाडू गोंधळले आणि सातो पुरुष एकेरीत जगज्जेता झाला. पण हे विजेतेपद त्याला पुन्हा मिळाले नाही. प्रतिस्पर्ध्यांनी स्पंज समजून घेतला, काहींनी तो स्वीकारला आणि १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने बॅटवरील आवरणाच्या जाडीवर मर्यादा घातली.

या गोष्टीतून क्लबमधल्या खेळाडूने घेण्यासारखे दोन धडे आहेत. साधनाने खेळ बदलतो हे खरे. पण साधनाचा फायदा टिकतो तो त्यामागचा हात तयार असेल तरच.

आज शहरातला जिमखाना असो की गृहसंकुलाचे क्लबहाऊस, संध्याकाळी टेबलाभोवती जमणाऱ्यांत चाळिशी-पन्नाशीचे अनेक जण असतात. कॉलेजात खेळलेले, मधली वीस वर्षे नोकरी-संसारात गेलेली आणि आता डॉक्टरांनी ‘काहीतरी व्यायाम करा’ म्हटल्यावर पुन्हा बॅट हातात घेतलेले. पहिले दोन महिने उत्साहात जातात. मग समोरच्या तरुणाकडून सतत हार होऊ लागते आणि मनात येते, की आपली बॅटच जुनी आहे. एखाद्या विश्वविजेत्याच्या नावाची कार्बनची बॅट मागवली जाते. चेंडू टेबलाबाहेर जाऊ लागतो, तो आवरण्यासाठी मूठ घट्ट होते, फटका अर्धवट राहतो, आणि काही महिन्यांत कोपराच्या बाहेरच्या बाजूला ठसका सुरू होतो. अस्थिरोग विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात ‘टेनिस एल्बो’ घेऊन येणाऱ्यांत असे हौशी खेळाडूही असतात. यातले काही जण दुखण्याला कंटाळून खेळ सोडतात. व्यायामाचा जो एकमेव प्रकार त्यांना मनापासून आवडत होता, तोच सुटतो आणि पुन्हा सोफा गाठला जातो. म्हणून बॅटची निवड आणि फटक्याचे तंत्र हा केवळ हार-जितीचा प्रश्न नाही.

वेळ किती मिळतो?

टेबलाची लांबी २.७४ मीटर. दोन्ही खेळाडू टेबलाच्या थोडे मागे उभे असतात, म्हणजे चेंडूचा प्रवास साधारण साडेतीन मीटरचा. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने चेंडू आला, तर तो सुमारे ०.३५ सेकंदात समोर येतो. क्लबच्या पातळीवर हा वेग काही विशेष नाही. दिवा लागताच बटण दाबायचे, एवढ्या साध्या कृतीलाही माणसाला ०.२ सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. ‘फोरहँड की बॅकहँड’ असा पर्याय निवडायचा असेल तर त्याहून जास्त. वयानुसार हा काळ थोडा वाढतो.

चेंडू पाहून, विचार करून, मग हात हलवायला लागावे एवढी सवड या खेळात नाही. चांगला खेळाडू समोरच्याच्या खांद्याची, मनगटाची आणि बॅटच्या कोनाची हालचाल पाहून चेंडू निघण्याआधीच अंदाज बांधतो. ही नजर सरावाने येते आणि पन्नाशीनंतरही सुधारत राहते. बॅट जितकी वेगवान, तितका आपला चेंडूही लवकर परत येतो. स्वतःच्या तयारीसाठी मिळणारा वेळ आपणच कमी करून घेतो.

लाकूड, रबर आणि वजन

बॅटचे मुख्य भाग दोन. हाताच्या पट्टीसह असलेली लाकडी फळी, जिला खेळाडू ‘ब्लेड’ म्हणतात, आणि दोन्ही बाजूंना चिकटवलेले रबर. नियमानुसार फळीच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा असावा लागतो. उरलेल्या जागेत कार्बनसारख्या तंतूंचे पातळ थर चालतात. अशा थरामुळे फळी ताठ होते, चेंडू कमी श्रमात दूर जातो. अव्वल खेळाडू रोज कित्येक तास सराव करून हा वेग काबूत ठेवतो. आठवड्यातून तीन दिवस तासभर खेळणाऱ्याला तो सांभाळता येत नाही.

त्याच्यासाठी पाच थरांची, संपूर्ण लाकडाची, ‘ऑलराउंड’ गटातली फळी उत्तम. दुकानात तिच्यावर ‘ऑल’ असा उल्लेख असतो. ‘ऑफ’ म्हणजे आक्रमक आणि ‘डेफ’ म्हणजे बचावात्मक. पाच थरांच्या लाकडावर चेंडू कसा लागला हे हाताला लगेच कळते. मधोमध लागला की कडेला, चेंडू घासला की नुसता आपटला, हे कळल्याशिवाय पुढचा फटका सुधारत नाही.

रबराखालचा स्पंज किती जाड हेही पाहावे. १.८ ते २ मिलिमीटर ही क्लबच्या खेळाडूला सोयीची जाडी. स्पंज जाड असेल तर वेग आणि फिरकी दोन्ही वाढतात, पण समोरून येणाऱ्या फिरकीचा परिणामही तेवढाच वाढतो. फार कडक स्पंज जोराने मारल्याशिवाय दबत नाही, त्यामुळे हळू हाताने खेळणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. मध्यम किंवा मऊ स्पंज बरा.

वजनाकडे तर बहुतेकांचे लक्षच जात नाही. फळी साधारण ८० ते ९० ग्रॅमची असते आणि कापून लावलेले प्रत्येक रबर ४० ते ५० ग्रॅमचे. म्हणजे एक बॅट १६५ ग्रॅमची असू शकते, तर दुसरी १९० ग्रॅमची. पंचवीस ग्रॅम ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण हे वजन मुठीपासून पुढे, बॅटच्या डोक्यात असते आणि ते वेगाने फिरवून थांबवायचे असते. मिनिटाला ३० फटके धरले तर अर्ध्या तासात ९०० वेळा. त्याची किंमत मनगट आणि कोपर मोजतात. दुकानात बॅट हातात धरून पाच मिनिटे नुसते हवेत फटके मारून पाहावेत. मुंबईतल्या धोबी तलावासारख्या भागात खेळसाहित्याच्या दुकानांत जाऊन असे पाहता येते. ऑनलाइन मागवताना वजन विचारून घ्यावे. पट्टी मुठीत सैल वाटली की माणूस नकळत घट्ट पकडतो, म्हणून पट्टीची जाडी आपल्या तळव्याला जुळणारी हवी.

रबराला आयुष्य असते. ऊन, धूळ आणि घाम यांनी त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत होतो आणि चेंडू घसरू लागतो. खेळून झाल्यावर ओल्या स्पंजाने पुसून, वर प्लास्टिकचा पातळ कागद लावून बॅट पिशवीत ठेवावी. गाडीच्या डिकीत तापत ठेवू नये. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हवेतल्या दमटपणानेच रबरावर ओलसर थर बसतो आणि फिरकी लागेनाशी होते. तेव्हा बॅटला दोष देण्याआधी कोरडे फडके फिरवावे.

रबर चिकटवण्यासाठी पाण्यात विरघळणारा गोंद वापरावा. एके काळी खेळाडू सायकलचे पंक्चर काढण्याच्या सोल्यूशनसारखे गोंद लावत. त्यातल्या द्रावकांमुळे स्पंज फुगून ताणला जाई आणि बॅट वेगवान होई. पण त्या द्रावकांच्या वाफा श्वासावाटे शरीरात जातात आणि अपायकारक असतात. आंतरराष्ट्रीय महासंघाने असे गोंद २००८ मध्ये बंद केले. घरी, बंद खोलीत, मुलांसमोर ते वापरण्याचे आजही काही कारण नाही.

दाण्यांचे गूढ

प्रत्येक क्लबात एखादे काका असतात. जागचे हलत नाहीत, जोरात मारत नाहीत, तरी त्यांच्याविरुद्ध चेंडू कधी जाळीत जातो, कधी उडतो. त्यांच्या बॅटच्या एका बाजूला बहुधा लांब दाण्यांचे रबर असते. भारताच्या मनिका बत्रा हिने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत महिला एकेरीचे सुवर्णपदक मिळवले, तेव्हा तिच्याही बॅकहँडच्या बाजूला असेच रबर होते.

यात जादू नाही. सपाट रबर चेंडूला पकडते आणि त्याची फिरकी बदलते. लांब दाणे मात्र वाकतात, चेंडूला पकडत नाहीत. त्यामुळे चेंडू ज्या दिशेने स्वतःभोवती फिरत आला, जवळजवळ तसाच फिरत राहतो. फक्त प्रवासाची दिशा उलटते. आपण वरून फिरकी, म्हणजे टॉपस्पिन दिली, तर परत येणारा चेंडू खालच्या फिरकीचा असतो. सवयीने सरळ बॅट लावली की तो जाळीत जातो. आपण दिले त्याच्या उलटे परत येणार, एवढे लक्षात ठेवले की निम्मे गूढ संपते. फिरकी नसलेला साधा चेंडू दिला तर काकांनाच जास्त कष्ट पडतात.

बॅटच्या दोन बाजू वेगळ्या रंगाच्या असण्याचा नियम याच कारणाने आला: कोणत्या बाजूने चेंडू मारला हे समोरच्याला दिसले पाहिजे. सामन्याआधी प्रतिस्पर्ध्याची बॅट हातात घेऊन पाहण्याचा हक्क नियमानेच दिला आहे. संकोच न करता तो वापरावा. गुडघे कुरकुरत असलेल्या ज्येष्ठ खेळाडूने लांब दाण्यांचा मार्ग स्वीकारला तर त्यात कमीपणा नाही; मात्र ते रबर शिकायला काही महिने द्यावे लागतात.

कोपर का दुखते?

मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्याला एका कंडरेने जोडलेले असतात. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर. काहीही घट्ट पकडताना हे स्नायू मनगट स्थिर धरण्यासाठी आवळले जातात. बॅट सतत घट्ट पकडून, खांदा आणि कंबर न वापरता नुसत्या मनगटाने झटके दिले, की या दोराच्या मुळाशी पुन्हा पुन्हा ताण येतो. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात. कंडरेला महिने लागतात. अचानक वाढवलेला सराव म्हणूनच तिला सोसत नाही. हे दुखणे चाळिशी-पन्नाशीत जास्त आढळते. पिळा पिळताना, दाराची मूठ फिरवताना, भरलेला तांब्या उचलताना कळ येणे ही त्याची खूण.

असे दुखू लागले तर खेळ पूर्ण बंद करण्यापेक्षा कमी करावा: फटक्यांची संख्या निम्मी, बॅट हलकी, मूठ सैल. कोपराखाली बांधण्याच्या पट्ट्याने काहींना आराम पडतो. खरा उपचार म्हणजे फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलेला, स्नायूंवर हळूहळू भार वाढवणारा व्यायाम. तो काही महिने नेटाने करावा लागतो. बहुतेकांचे दुखणे वर्षभरात शस्त्रक्रियेविना बरे होते. ‘एक इंजेक्शन द्या, रविवारी स्पर्धा आहे’ असा आग्रह मात्र धरू नये. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम वाटतो, पण वर्षाने पाहिले तर ते घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा वाईट असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. हाताला मुंग्या येत असतील, पकड कमजोर होत असेल किंवा मान वळवली की हातात कळ जात असेल, तर कारण मानेत असू शकते. तेव्हा डॉक्टरांना दाखवावे.

आधी पाय, मग हात

प्रशिक्षक ‘गुडघे वाकव’ असे ओरडतात, त्यामागे शरीरशास्त्र आहे. फोरहँडचा जोर जमिनीतून येतो: पायातून कमरेत, कमरेतून खांद्यात, आणि शेवटी हातात. पाय खांद्यांपेक्षा थोडे फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, भार टाचांवर नव्हे तर पुढच्या पंजांवर. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा पाय जरासा मागे. कंबर वळते, हात तिच्यामागून येतो आणि फटका कपाळासमोर संपतो. कमरेचे मोठे स्नायू काम करू लागले की कोपरावरचा भार आपोआप उतरतो. तंत्र आणि प्रकृती इथे एकच मागणी करतात.

बॅट कशी धरावी? भरला चहाचा कप धरतो तशी: निसटणार नाही एवढीच घट्ट. चेंडू लागण्याच्या क्षणी मूठ आवळायची आणि लगेच सैल सोडायची. दोन गुणांच्या मधे बॅट दुसऱ्या हातात घेऊन बोटे उघडझाप करण्याची सवय लावली तरी फरक पडतो.

चेंडूसाठी हात लांबवण्याऐवजी पायांनी लहान पावले टाकून जागेवर पोहोचावे. हात लांबवून मारलेला फटका उशिरा लागतो, आणि उशिरा लागलेला फटका मनगटच सावरते. क्लबात कोणी शिकवणारे नसेल तर मोबाइल टेबलाच्या कडेला ठेवून पाच मिनिटांचे चित्रीकरण करावे. आपण किती ताठ उभे राहतो हे पाहून बहुतेकांना धक्काच बसतो.

सरावातले विज्ञान

क्लबमधला नेहमीचा सराव म्हणजे अर्धा तास फोरहँडला फोरहँड आणि मग थेट सामने. फटका ओळखीचा होण्यापुरती अशी एकसुरी पुनरावृत्ती हवी. पुढे मात्र ती फसवी ठरते. १९७९ मध्ये जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. हाताच्या हालचालींचे तीन क्रम शिकायचे होते. एका गटाने एक क्रम पूर्ण घोटून मग दुसरा घेतला. दुसऱ्या गटाने तिन्ही क्रम मिसळून केले. सरावाच्या वेळी पहिला गट पुढे होता. पण दहा दिवसांनी चाचणी घेतली तेव्हा मिसळून शिकलेल्यांना अधिक चांगले आठवत होते.

टेबलावर याचा अर्थ सोपा आहे. जोडीदाराला सांगावे: दोन चेंडू फोरहँडला, एक बॅकहँडला, मग कधी कुठे, ते त्याच्या मर्जीवर. चुका वाढतील, चिडचिड होईल. पण सामन्यात उतरेल तो हाच सराव.

दुसरी गोष्ट सर्व्हिस. संपूर्णपणे आपल्या ताब्यात असलेला हा एकमेव फटका. त्याला जोडीदार लागत नाही, दम लागत नाही, वय आड येत नाही. चेंडू उघड्या तळहातावर ठेवून किमान १६ सेंटीमीटर सरळ वर उडवायचा आणि तो प्रतिस्पर्ध्यापासून लपवायचा नाही, हे नियम पाळून रोज दहा मिनिटे खोकाभर चेंडूंचा सराव करावा. एकाच हालचालीने कधी खालची फिरकी, कधी बिनफिरकीचा चेंडू देता आला की महागड्या बॅटीपेक्षा जास्त गुण मिळतात.

चष्मा, बूट आणि छाती

चाळिशीनंतर अनेकांना दूरचे आणि जवळचे दोन्ही दाखवणारा प्रोग्रेसिव्ह चष्मा असतो. त्याच्या खालच्या भागात जवळचा नंबर असतो. टेबलावरून येणारा चेंडू नेमका त्याच भागातून दिसतो आणि धूसर होतो. ‘रिफ्लेक्स गेले’ असे वाटणाऱ्याचे कधी कधी एवढेच बिघडलेले असते. खेळासाठी फक्त दूरच्या नंबरचा, न फुटणाऱ्या काचांचा वेगळा चष्मा करून घ्यावा.

धावण्याच्या बुटांची टाच जाड आणि उंच असते. बाजूला झटकन सरकताना घोटा मुरगळतो. बॅडमिंटनसाठी मिळणारे पातळ, पकड घेणाऱ्या तळव्याचे बूट घ्यावेत. फरशीवर घाम सांडला तर खेळ थांबवून पुसावा.

टेबल टेनिस हा मध्यम तीव्रतेचा व्यायाम आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. तासभराचे तीन दिवस ही गरज भागवू शकतात, मात्र त्यातला वेळ बाकावर बसून गप्पांत गेलेला नको. आधी दहा मिनिटे चालणे, खांदे फिरवणे, हलक्या बैठका. अनेक वर्षांनी खेळू लागणाऱ्याने, विशेषतः मधुमेह, रक्तदाब किंवा धूम्रपान असेल तर, आधी तपासणी करून घ्यावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने किटमध्ये ग्लुकोजची पूड ठेवावी. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातले औषध चालू असेल तर नाडीचे ठोके फार वाढत नाहीत. घड्याळातला आकडा पाहून श्रम मोजता येत नाहीत. खेळताना बोलता येते पण गाता येत नाही, ही पातळी योग्य. छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात दुखणे, नेहमीपेक्षा जास्त धाप, थंड घाम यापैकी काही जाणवले तर ‘गॅस झाला असेल’ म्हणत पुढचा गेम खेळू नये. तिथेच थांबावे, ईसीजीची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि गाडी दुसऱ्या कोणाला चालवू द्यावी.

खर्चाचा क्रम लावायचा तर पहिले पैसे बुटांवर, मग गरज असल्यास चष्म्यावर, मग चांगल्या प्रशिक्षकाच्या काही शिकवण्यांवर आणि त्यानंतर पाच थरांच्या साध्या बॅटवर घालावेत. त्या बॅटने सलग वर्षभर खेळावे. फक्त रबर गुळगुळीत झाले की बदलावे. वर्षाने सर्व्हिस सुधारली, पाय हलू लागले, कोपर शांत राहिले आणि तरीही फटका तोकडा पडतोय असे प्रशिक्षकाने सांगितले, तर कार्बनची फळी जरूर घ्यावी. तोवर ती सांभाळणारा हात तयार झालेला असेल.